बंद करू नये

प्रिय आये,

मी बरी आहे. कंपनीची बस वेळेवर येते, महाडच्या खोलीवर पाणी येतं, दोन वेळा जेवते. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं निवांत होईल.

दसऱ्याला मी कोनाड्यात ठेवून गेले ती डबी काय करते, हे तुला नीट सांगायचं राहिलं. तो मुठीएवढा कॉम्प्युटर आहे, लिनक्सवर चालणारा. त्यात मी एक छोटा प्रोग्राम बसवला, त्याला एजंट म्हणतात. (शेजारून डोकावत राहीकाकूंनी लगेच विचारलं होतं, "विम्याचा काय गो?") तो दर मिनिटाला घरच्या नेटवरून इथे माझ्या कॉम्प्युटरला 'मी आहे' असं कळवतो. कळवलं की पडद्यावर हिरवा ठिपका, नाही तर लाल. बसवताना पत्त्यातला एक आकडा चुकला आणि मी रविवारभर त्याच्याशी भांडत बसले. तू पुढ्यात चहा ठेवून म्हणालीस, "ऐकत नाय तर राहू दे. पोरगंच हाय तेवढंसं."

मग थंडी पडल्यावर तू त्याला माझं लहानपणचं लोकरीचं टोपडं घातलंस! डबी किती तापली तेही एजंट कळवतो. आकडा चढत गेला, तू फोन उचलेनास, म्हणून मी कामावरून राहीकाकूंना धावत पाठवलं. तर तू त्यांना म्हणालीस, "घाटाचं वारं लागत होतं गो त्याला." मी कंपनीच्या जिन्यात बसून हसले, आणि थोडी रडलेही.

हा खटाटोप कशासाठी, ते तुला ठाऊक आहे. भादव्यात तू गोठ्यात घसरून पडलीस आणि दुपारपर्यंत कोणाला पत्ता नव्हता. तेव्हापासून मी सारखी फोन करते आणि तू करवादतेस, "मी काय पळून चाललेय काय गो?"

एजंटला आणखी एक गोष्ट करता येते. तुझा फोन घरच्या नेटवर आहे की नाही, हे तो सांगू शकतो. फोन तुझ्या कनवटीला असतो, म्हणजे तू शेतावरून घरी आलीस की मला इथे कळेल, आणि फोन करून तुला छळावं लागणार नाही. पण तू कधी बाहेर पडलीस, किती वेळ रमलीस, तेही कळेल. ते मी तयार करून ठेवलंय, चालू केलेलं नाही. तुझं जाणं-येणं तुझं आहे. फोनवर विचारलं असतं तर तू म्हणाली असतीस, "तुला बरं वाटतंय ना, मग कर." म्हणून पत्रातून विचारतेय, चालू करू का?

मागच्या खेपेला निघताना मी डबीच्या बटणावर कागद चिकटवला, 'बंद करू नये'. घराबाहेर पडताना सगळी बटणं बंद करायची तुझी रीत, त्यामुळे रोज सकाळी लाल ठिपका यायचा. कामावर असे कागद लावायची मला सवय. पोलादपूरच्या स्टँडवर आल्यावर लक्षात आलं, तो वाचणार कोण? पण त्यानंतर वीज गेली तेवढं सोडलं, तर लाल ठिपका आलाच नाही. मला वाटलं, राहीकाकूंनी वाचून दाखवला असेल. परवा विचारलं तर म्हणाल्या, "मी कशाला? तीच वाचते आता. दुपारची येते आमच्यासंगती बायांच्या शाळेत. पोरीला पत्र लिहीन तेव्हाच कळू दे, म्हणाली."

आये, म्हणून ही अक्षरं इतकी मोठी काढली आहेत. पत्र कोणाकडून वाचून घेऊ नकोस, कितीही दिवस लागू देत. फोनचं ते पटलं तर डबीचं बटण बंद कर, चहा उकळेपर्यंत थांब, पुन्हा चालू कर. मला वीज गेली असं वाटू नये म्हणून चहा पिऊन झाला की आणखी एकदा तसंच कर. नाही पटलं, तर कागदावर लिहिलंय तसंच राहू दे. मी पुन्हा विचारणार नाही. एरवी ज्याला इतकी घाबरते, त्या लाल ठिपक्याची मी वाट बघतेय.

तुझीच,
पूजा