नावडतीचं आधुनिकीकरण

१२ जुलै, शनिवार
ठरलं. लोककथांचं आधुनिक पुनर्लेखन करायचं. सुरुवात श्रावणी सोमवारच्या कहाणीपासून. राजाच्या चार सुना, तीन आवडत्या, एक नावडती. तिला खायला शिळंपाकं, राहायला गोठा. बिचारी शंकराला मूठ मूठ धान्य वाहते आणि शेवटी आवडती होते. इतक्या वर्षांत नावडतीच्या मनात काय चाललं होतं हे विचारावंसं कुणालाच वाटलं नाही. मला वाटलं. वीज मंडळातून निवृत्त झाल्यावर माणसाची संवेदना मोकळी होते.
उद्यापासून पहाटे पाचला उठणे.

१३ जुलै, रविवार. सकाळी ९.४०
रविवार धरायचा नसतो.

१५ जुलै, मंगळवार
शशिकलाताईंना फोन केला. अन्नपूर्णा भागातल्या आमच्या महिला मंडळाच्या त्या सेक्रेटरी. दर वर्षी श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी संध्याकाळी मंडळात कहाणी असते, मग उपास सोडायला जेवण. कहाणी माझी पत्नी वसुधा सांगते. म्हटलं, यंदा तिला आराम द्या, मी माझी नवी वाचतो. ताई म्हणाल्या, वसुधाजींना चालत असेल तर ठीक है.
वसुधाला सांगितलं. पोळी लाटता लाटता म्हणाली, वाचा की. याला म्हणतात पाठिंबा.

१९ जुलै, शनिवार
कामाला वेग. 'आटपाट नगर' खोडून इंदूर केलं. राजाचा बिल्डर केला. गोठ्याच्या जागी पार्किंग. आता देवाचं काय? ठेवला तर आधुनिकता जाते, काढला तर कथाच हलत नाही. विचार करायला आडवा झालो. साडेपाचला चहा.

२४ जुलै, गुरुवार
नावडतीच्या मनात शिरणं अवघड जातंय. वसुधाला मुद्दाम बोलावून विचारलं, घरात आपल्याला कुणी विचारत नाही तेव्हा बाईला नेमकं काय वाटतं? म्हणाली, गॅसवर दूध आहे.
संशोधनाला घरातून सहकार्य नाही.

२७ जुलै, रविवार
मल्हारगंजला नंदूच्या छापखान्यात जाऊन त्याला अर्धी कथा ऐकवली. 'नावडतीने सासऱ्यांस आपल्या एकाकीपणाबाबत अवगत केले' या वाक्यावर मला थांबवून म्हणाला, भिया, ये कहानी है कि सर्कुलर? नंदू माणूस चांगला, पण आयुष्यभर लग्नपत्रिकाच छापल्या.

३१ जुलै, गुरुवार
शेवट सापडला! शेवट नकोच! नावडती बंगल्याच्या बंद दारासमोर उभी. दार उघडतं का? ती आवडती होते का? लेखक सांगत नाही. हल्ली मोठे लेखक असंच करतात. शिवाय लिहायची दोन पानं वाचली.
पुण्याला श्रियाला फोनवर ऐकवलं. कन्येने विचारलं, बाबा, आईला दाखवलंत? म्हटलं, तिला एकदम स्टेजवरून ऐकवणार. खरं सांगायचं तर मंडळाचं काही नाही. वसुधानं एकदा 'छान झालंय' म्हणावं, एवढंच पाहिजे. माझ्या प्रत्येक प्रमोशनला ती 'बरं' म्हणाली आहे.

४ ऑगस्ट, सोमवार. दुपारी ३
कुडता तयार. (इस्त्री वसुधाने केली.) आवाज तयार. इंदूरच्या मराठी साहित्यात आज काहीतरी घडणार.

५ ऑगस्ट, मंगळवार
काल घडलं ते क्रमाने लिहितो.
वाचलं. 'ती दारासमोर उभी होती' म्हणून फाइल मिटली. हॉलमध्ये चिडीचूप. वाटलं, जिंकलं. नमस्कार केला. कुणी हलेना. पुन्हा केला. तेव्हा दिसलं, सगळ्यांच्या मुठी मिटलेल्या. मुठीत अक्षता. कहाणी 'संपूर्ण' म्हटल्याशिवाय अक्षता टाकता येत नाहीत, अक्षता टाकल्याशिवाय उठता येत नाही आणि उठल्याशिवाय जेवण नाही. सगळ्या सकाळपासून उपाशी.
पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या आनंदीबाई म्हणाल्या, फिर आगे? उघडलं का दार? मी म्हटलं, ते श्रोत्यांनी ठरवायचं. त्या म्हणाल्या, ठरवते बेटा, पण आधी तू संपव, मला चक्कर येऊन राहिली है. अपूर्णता हाच आशय आहे, असं मी समजावू लागलो. शशिकलाताईंनी पुऱ्या तळणारीला हाताने थांबवलं.
तेव्हा वसुधा बसल्या जागेवरून बोलली. बिल्डरला पुन्हा राजा केलं आणि म्हणाली, दार आतून उघडलं. राजा म्हणाला, मुली, आजपासून तू आवडती. नावडती म्हणाली, ते मग बघू मामंजी, आधी मी जेवले का ते तर विचारा. राजाला विचारायची सवय नव्हती. पण त्यानं विचारलं, आणि आपल्या हातानं तिचं पान मांडलं. तिला जसा शंकर पावला तसा तुम्हाआम्हाला पावो. सुफळ संपूर्ण.
अक्षता पडल्या. आनंदीबाईंनी डोळे पुसले. मग सगळ्या जेवायला पानांवर बसल्या.
माझा पाया भक्कम होता म्हणून तिला हे जमलं.

७ ऑगस्ट, गुरुवार
शशिकलाताईंचा फोन. अभिप्राय असणार म्हणून पेन घेऊन बसलो. म्हणाल्या, वसुधाजींना द्या. चौथ्या सोमवारी बेटम्याला ताईंच्या बहिणीकडे तिची कहाणी ठेवली आहे. मला कार घेऊन यायला जमेल का, हेही विचारलं.
जमेल म्हटलं.

१० ऑगस्ट, रविवार
वसुधाला विचारलं, तो शेवट ऐन वेळी कसा सुचला? म्हणाली, सुचायचंय काय, घरी दर श्रावणात असाच सांगते. श्रियाला पाठ आहे. तुम्ही आतल्या खोलीत पेपर वाचत असता.
म्हटलं, मला सांगशील? पहिल्यापासून? ती पदराला हात पुसून समोर बसली. आटपाट नगर होतं. मी हं हं म्हणत होतो. काय सांगते! गोठ्यात शेण गोळा करताना नावडती स्वतःशी बोलते, ते तिला पुन्हा एकदा सांगायला लावलं. तेवढ्यात एक सुधारणा सुचली, ती सांगितली. मग दुसरी. विसरायला नको म्हणून कागद आणायला उठलो. परत येतो तर खुर्ची रिकामी.
आता आतून तिचा आवाज येतोय. फोनवर श्रिया असावी. गोठ्याच्या पुढची कहाणी चालली आहे. इथून नीट ऐकू येत नाही.