टर्की तळायच्या शेगडीवर लग्नाची बियर

नाही मामा, तसं मी म्हटलंच नव्हतं! माझ्या बहिणीला, रोझानला, फोनवर काय सांगितलंत तुम्ही? "तुझ्या भावाने सुचवलेली शेगडी घेतली आणि मरता मरता वाचलो"! लॅम्बर्टमामा, तुम्ही वयाने आणि मानाने मोठे, म्हणून आधी नमस्कार घ्या. अर्डिसमामीलाही सांगा, पिकल कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवा. डोकं दुखायचं थांबलं का? मी इकडे नॉर्थ डकोटात बरा आहे, थंडीने मिशीचे खिळे झालेत एवढंच. झालं विचारपूस करून. आता ऐकून घ्या.

मी सांगितलं होतं की बुटकी, रुंद बैठकीची, जाड पायांची शेगडी बघा. तुमचं बियरचं भांडं म्हणजे वरून कापलेलं स्टीलचं पिंप (ते कुठल्या बारच्या मागून आलं हे मी विचारत नाही). भरलं की दोन माणसांना हलत नाही. आणि तुम्ही काय उचलून आणलंत? थँक्सगिव्हिंगचा सण उलटल्यावर दुकानात अर्ध्या किमतीत पडलेली, अख्खा टर्की पक्षी तेलात तळायची शेगडी! बगळ्याचे पाय तिचे. शिवाय तिला ते बटण. थोड्या थोड्या वेळाने दाबलं नाही तर ज्योत आपोआप विझते, कारण बनवणाऱ्याला पक्कं ठाऊक आहे की आपल्याकडचा माणूस तेल तापत ठेवतो आणि आत मॅच बघायला जाऊन बसतो. टर्कीला ते ठीक आहे. बियरचा काढा तासभर रटरटत ठेवायचा असतो, तिथे दर वेळी वाकून बटण कोण दाबणार? तुम्ही ते एकदाच दाबलंत आणि वर चिकटपट्टी गुंडाळलीत. वा! जीव वाचवायला ठेवलेली एकच गोष्ट, तिचंच तोंड बांधलंत.

बरं, तेही अंगणात केलं असतंत तर मी गप्प बसलो असतो. पण बाहेर वारा ज्योत हलवतो, म्हणून शेगडी गॅरेजमध्ये घेतली. आत गार वाजतं, म्हणून दार खाली ओढलं. रेडिओवर मॅच लावली. शेगडीच्या प्रोपेन गॅसने आतली हवा खाल्ली आणि विष सोडलं, आणि तुम्ही खुर्चीत बसून बर्फ उपसायच्या फावड्याला मॅच समजावून सांगत होतात! (एकच ग्लास घेतला होता म्हणे. त्यावर मी विश्वास ठेवतो, मामीने ठेवला नाही.) पिकल कधीचा दाराच्या फटीला नाक लावून पडला होता. त्या कुत्र्याला मत द्यायचा हक्क द्यायला हवा. मामी आली ती तुम्हाला वाचवायला आली नव्हती. माल्टचा गोड वास धुतलेल्या चादरींना लागला म्हणून भांडायला आली होती, आणि रागाच्या भरात तिने दार वर फेकलं. मामी शांत स्वभावाची असती तर आज हे पत्र मी तिच्या एकटीच्या नावाने लिहीत असतो.

आणि यावर तुम्ही मला काय सांगता? "अरे पोरा, आपल्या बापजाद्यांनी चुलीवर बियर केली, कोण मेलं?" मामा, बापजाद्यांच्या चुलीला धुराडं होतं! इथे मी कामाला आहे त्या गॅसच्या विहिरीवर छातीला हवा हुंगणारं यंत्र लटकवल्याशिवाय आत पाऊल टाकू देत नाहीत. शाळा मी अर्धी सोडली, पण ते यंत्र किंचाळलं की पळायचं, एवढं मला कळतं.

हे सगळं विसरलोही असतो. पण रोझान म्हणते, अर्धवट उकळलेली बियर नासली म्हणून शनिवारी तुम्ही पुन्हा घाट घालणार, तीच शेगडी, तेच गॅरेज, "या वेळी दाराखाली वीट ठेवतो ना!" वीट? एक वीट? मामा, विटेएवढ्या फटीतून पिकलचं नाक जातं, तुमच्या जिवाला पुरेल एवढी हवा येत नाही. रोझानच्या लग्नात नवरीच्या मामाने स्वतः केलेली बियर लागते, नाहीतर गावभर तोंड दाखवायला जागा राहत नाही, हे मलाही माहीत आहे. पण तुमच्या मयताच्या जेवणाला कुठली बियर ठेवायची, तेही मग आत्ताच सांगून ठेवा.

तुमचा (सध्या तुमच्यावर भयंकर चिडलेला) भाचा,
जेरोड

ता. क. शनिवारी शेगडी पेटवू नका. महिनाअखेरीला मला सुट्टी आहे. तोवर थांबा, अंगणात वाऱ्याला पत्रा आडवा लावू, पिंप मी उचलेन, तुम्ही फक्त शिव्या द्या.

ता. क. २. थांबवत नसेलच तर सगळं लिहिलेलं सोडा, बियर दुकानातून आणा. बाबा गेल्यापासून रोझान एकच म्हणते, लग्नाला चर्चमध्ये मामाचा हात धरून जाईन. बियर दुकानात मिळते. मी मामीला फोन करून शेगडीची नळी लपवायला सांगितली आहे, तिच्याशी भांडू नका.

ता. क. ३. रुंद बैठकीची शेगडी आणि गॅरेजच्या भिंतीला लावायचं ते किंचाळणारं यंत्र, दोन्हीचे मिळून पाठवतोय: दोनशे दहा डॉलर.