चार बोटं

८ जानेवारी १९६८, सोमवार
सातवी ब मध्ये कोयनेच्या भूकंपाचे पेपरातले फोटो हातोहात फिरत होते. विमल उभी राहिली, "बाई, आपली शाळा पडन का?" धडा मिटला आणि इमारत धक्का कसा सोसते तेच शिकवलं. धक्का आडवा येतो. खांब तुळईला मिळतो तिथे जोर बसतो, फुटतो तो तिथेच. म्हणून इंजिनियर तिथे सळयांभोवती रिंगा दाट ठेवतात. खांब वाकतो, पण सुटत नाही. फळ्यावर रिंगांमधलं अंतर लिहिलं: जोडाजवळ चार बोटं, मध्ये वीत. हे पुस्तकात नाही. बाबांचं आहे.

११ जाने.
फेब्रुवारीत विज्ञान प्रदर्शन. मु.अ.नी पाहुण्याचं नाव सांगितलं नि हातातला खडू मोडला. तोच इंजिनियर! आता निवृत्त, भाषणं देत फिरतो. इथे नुसतं सा. लिहीन, पूर्ण नावाची लायकी नाही त्याची.
आम्ही धम्मदीक्षा घेतली त्याच हिवाळ्यात, छप्पन साली, बाबा, म्हणजे गणपत मिस्त्री, वाडीला गोदामाच्या कामावर होते. रिंगा चार बोटांवर बांधत होते. सा.ने अर्ध्या काढायला लावल्या. "लोखंड तुझ्या बापाचं आहे का रे?" काही महिन्यांनी मागे घेताना एक ट्रक खांबाला लागला, खांब जोडात फुटला, छत खाली. एका हमालाचा पाय गेला. चौकशीत सा. म्हणाला, मिस्त्री बोटांनी मोजतो, त्याला काय कळतं. त्यानंतर बाबांना कोणी थापी हातात धरू दिली नाही.
ये म्हणावं आता. सगळ्यांसमोर तोंड काळं करते त्याचं.

१९ जाने.
खराट्याच्या काड्या म्हणजे सळया, तारेच्या रिंगा, वर ओली माती. छत संत्र्याच्या पेटीच्या फळीचं. ड्रॉइंग बोर्डाखाली कंचे, म्हणजे गोट्या, टाकले की बोर्ड हलतो, झाला भूकंप. दोन घरं केली. दोन्ही पडली! पाहते तर पोरींनी इवल्याशा खांबावर स्वतःची चार बोटं ठेवून रिंगा बांधलेल्या. खांबाला जेमतेम दोन. मीच ओरडले. विमल शांतपणे म्हणते, "बाई, बाहुलीच्या घराले बाहुलीचीच बोटं लागतीन ना." अगं माझे बाई! मलाच सुचलं नव्हतं.

२ फेब्रु.
आता बाहुलीच्या बोटांचं घर उभं राहतं. दुसऱ्यात जोडाजवळही बाहुलीची वीत सोडली आहे, ते वीतवालं दर वेळी कोसळतं. ते पडलं की पोरी टाळ्या वाजवतात, नि मला बरं वाटतं. वाटू दे.

१० फेब्रु., शनिवार
प्रदर्शन झालं. विमलनं बोर्ड हलवला. वीतवालं घर सा.च्या पुढ्यात आडवं. दुसरं डुललं, तिरपं झालं, उभं राहिलं. सा. वाकून घराखालची ‘जोडाजवळ चार बोटं’ ही चिठ्ठी वाचत म्हणाला, "इंच सोडून बोटं कशाला?" विमल: "मिस्त्री असेच मोजतात जी." सा. हसला. "खरं आहे. जुने मिस्त्री बोटांनीच मोजत. आणि अगदी बरोबर मोजत."
मी तिथल्या तिथे शेरेबुक पुढे केलं. साहेब, एवढं लिहून द्या. त्यानं शब्दन् शब्द लिहिला, सही ठोकली. मग म्हटलं, "वाडीच्या गोदामाचे गणपत मिस्त्री माझे वडील."
"हो का? बरे आहेत ना? नमस्कार सांगा."
मेल्याला आठवतसुद्धा नाही! अकरा वर्षं मी दात ओठ खाते आहे आणि ह्याला आठवत नाही!

११ फेब्रु.
शेरेबुकातलं पान ब्लेडने कापून आणलं. मु.अ.ना कळलं तर नोकरीवर गदा येईल. येऊ दे.
बाबांना वाचून दाखवलं. दोनदा. म्हटलं, चौकशी पुन्हा करा असा अर्ज देऊ, सोबत हे पान.
बाबा म्हणाले, "त्या चौकशीच्या कागदावर माहा अंगठा हाय."
कसला अंगठा?
"त्या सायबानं म्हटलं हजेरीचा कागद हाय, लाव. म्या लावला. मंग समजलं, त्यात लिवलं होतं का रिंगा म्याच कमी केल्या."
मी किंचाळलेच, काहून नाई सांगितलं इतकी वर्षं? "तू शाळेत जाऊन राहिली होती. तुले बापाची लाज वाटली असती."
संताप संताप. आणि रडू. दोघंही जेवलो नाही.

१८ फेब्रु.
अर्ज तयार. लिहिलं आहे, वाचून न दाखवता अंगठा घेतला. खाली त्यांचा अंगठा हवा म्हणून शाईची डबी उघडली. बाबांनी डबी बाजूला सारली. "अंगठा नाई देत आता. सई करीन. पाटी आण वं."

२५ फेब्रु.
ग आला. ण येतो आहे, पण काना उलट्या बाजूला पडतो. दोन अक्षरांमध्ये बोटं ठेवून अंतर मोजतात, चार. अशानं पाटी संपेल, नाव संपायचं नाही. म्हटलं, बाबा, जवळ लिहा. ऐकतील तर शपथ.
काल मु.अ. शेरेबुकात पाहुण्यांचं पान शोधत होते. मी हजेरीपट उचलून वर्गात गेले.

३ मार्च
पेपरात सा.चा फोटो, कुठल्याशा सत्काराचा. हातात काठी आहे, फार वाळला आहे. 
अर्ज अजून घरच्या पेटीतच आहे. बाबांचे प आणि त राहिले आहेत. सा., तोवर मरू नको.