ट्रॅक्टरचे गोंडे

३ जुलै

झालं! माझ्या लेकाचा, इंद्रजीतचा आवडता टी-शर्ट कापला गेला. कापणारी त्याचीच बायको.

डॉक्टरीणबाईंनी तनुजाला बाळंत होईपर्यंत पलंगावरून उठायला बंदी केली आहे. आधीची दोन राहिली नाहीत, त्यामुळे या खेपेला कुणी हुज्जत घालत नाही. पडल्या पडल्या ती कापडी गोंडे करते — पुठ्ठ्यावर पट्ट्या गुंडाळायच्या, मधोमध करकचून गाठ, मग कडा कापून फुलवायचं. टी-शर्ट नवऱ्याचा, कात्री बायकोची. न्याय्य वाटणी!

७ जुलै

पाचोडहून माझ्या सासूबाई आल्या. नजर थेट गोंड्यांवर. "हे कुणासाठी?"

पाळण्यासाठी, हे सगळ्यांना ठाऊक. पण आमच्यात पोटातल्या बाळासाठी आधी सुतळीचा तोडासुद्धा आणत नाहीत. तनुजा मान वर न करता म्हणाली, "बैलांसाठी, आजी. पुढं पोळा येतोय."

"आगं, बैल कवाच इकले. आता ट्रॅक्टर हाय."

"मग ट्रॅक्टरसाठी."

सासूबाईंनी एक गोंडा उचलून उलटसुलट पाहिला. "बरं. ट्रॅक्टरला असू दे."

१९ जुलै

सकाळचा संवाद —

"ट्रॅक्टर निजला का गं?"

"नाय आजी, रातभर नांगरत होता."

"गुलाबी नको लावू त्याला. पिवळा लई बेस दिसल."

मी विचारलं, पिवळा ट्रॅक्टर कुठल्या शिवारात पाहिलात? तर म्हणे, "पेपरवाले, तू तुझ्या बातम्या धाड!"

धाडते. गावभरच्या बातम्या पेपरला धाडते, घरातली तेवढी छापायची नाही. पण तनुजा हसली. गेलं वर्षभर ऐकलं नव्हतं ते हसू. आभार कुणाचे मानू? तूर्त टी-शर्टचे.

२४ जुलै

मीही एक गोंडा केला. ही बाजू कापली की ती मोठी दिसते, ती कापली की ही. शेवटी लिंबाएवढा उरला. सून म्हणाली, "असू द्या आई, हॉर्नला बांधू."

९ ऑगस्ट

दुपारी रक्तस्राव. तनुजा उस्मानपुऱ्यातल्या दवाखान्यात. इंद्रजीत वाळूजहून कंपनीतून थेट तिकडं.

मी आणि सासूबाई कपडे न्यायला घरी आलो. गोंड्यांची पिशवी दिसली आणि मी ती माळ्यावर ढकलली. तर्कशास्त्र शिकलेली बाई मी! कावळा बसायला आणि फांदी तुटायला, हे झोपेतही समजावून सांगेन. तरी ती पिशवी आणखी आत सरकवली.

"काढ ती खाली," मागून सासूबाई.

"पण तुमचाच तर नेम, आधी काही —"

"नेम माझा हाय. मीच मोडते. पोरीच्या हाताला काम पायजे तिथं. आण इकडं."

१० ऑगस्ट

मुलगी. फार आधी आली. काचेच्या पेटीत आहे, हात लावू देत नाहीत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आज काही विचारू नका.

१४ ऑगस्ट

सासूबाई खाटेच्या कडेला बसून पट्ट्या गुंडाळतात, तनुजा गाठी मारते. ट्रॅक्टरचं नाव कुणी काढत नाही.

पाणी देताना मी सासूबाईंचा हात धरला. इतक्या वर्षांत प्रथमच. त्यांनी सोडवून घेतला नाही.

१९ ऑगस्ट

पोरगी आपला आपण श्वास घेते! आज एवढंच. एवढं पुष्कळ.

६ सप्टेंबर

मायलेकी घरी. लिहायला सवड नाही — पाळण्यातली उठली!