उघडा तळहात

३ जुलै १९९४, रविवार
गंगेकाठच्या आमच्या मराठी मंडळाच्या चिटणीसांनी गाठलंच. यंदाच्या गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत टेबल टेनिसवर लेख हवा. उगम, वाढ, नियम, सगळं दोन पानांत. सभागृहातलं टेबल वीस वर्षं मी सांभाळतो, म्हणून मी. हो म्हटलं.

घरी आलो तर लेकीला, वसूला, पत्र आलेलं. खेळाडूंसाठी राखीव जागांची निवड चाचणी, लखनौ, २० आणि २१ ऑगस्ट. सरकारी खातं, कारकुनाची जागा. ऑक्टोबरात तिला पंचवीस पूर्ण होतात, पुढे अर्जच घेत नाहीत. म्हणजे हीच शेवटची.

इंदूरचं स्थळ उत्तरासाठी थांबलंय. मुलगा बरा आहे. लग्नानंतर खेळबिळ नाही, असं त्याच्या वडिलांनी हसत हसत सांगून ठेवलंय. सौ. म्हणाली, अनंत चतुर्दशीपर्यंत मी त्यांना थोपवते, नोकरी लागली तर लागली.

वसू बॅटचं रबर ओल्या फडक्याने पुसत बसली होती.

९ जुलै, शनिवार
लेखाचा उगमाचा भाग झाला. ग्रंथालयात माझ्याच कामाच्या टेबलाशेजारच्या कपाटात जुना ज्ञानकोश निघाला. गेल्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडातल्या बड्या घरांत जेवणं उरकल्यावर त्याच मेजावर पुस्तकांची रांग लावायची, तेच जाळं. बुचाचा चेंडू, सिगारच्या डब्याचं झाकण ही बॅट. पुढे अमेरिकेतून सेल्युलॉइडचा पोकळ चेंडू आला आणि खेळाला उसळी आली. त्याच्या आवाजावरून नाव पडलं, ते एका कंपनीने स्वतःचं करून घेतलं, तेव्हा खेळाला दुसरं नाव घ्यावं लागलं.

हे लिहिताना गावची शाळा आठवली. गुरुजींनी दोन जुनी दारं बाकांवर टाकून मेज केलं होतं. मध्ये विटा. दाराच्या कडीवर चेंडू पडला की तो पॉइंट पुन्हा. तेव्हा वाटायचं, आमच्याइतकं गरिबीत कोणी खेळलं नसेल. साहेबाचंही तसंच होतं म्हणायचं.

१४ जुलै, गुरुवार
नियमांसाठी मिश्राजींकडून नवी पुस्तिका आणली. ते कॉलेजात मुलांना शिकवतात, वसूलाही दोन वर्षं त्यांनीच खेळवलं. टेबल नऊ फूट बाय पाच, जाळं सहा इंच, गेम एकवीसचा, पाच-पाच सर्व्हिस, वीस-वीस झाले की एकेक. हे सगळं पाठच आहे.

मग सर्व्हिसचा नियम. चेंडू रिकाम्या हाताच्या उघड्या, सपाट तळहातावर ठेवावा. ओंजळ नको, पकडणं नको. बोटं सरळ, जुळलेली, अंगठा मोकळा. पूर्वी काही अमेरिकन खेळाडू बोटांनी चेंडू पिरगाळून फेकत, समोरच्याला काही समजायचं नाही, म्हणून हा नियम झाला.

तीनदा वाचलं. पुस्तिका मिटून ठेवली. संध्या करायला बसलो, मन लागलं नाही.

१५ जुलै, शुक्रवार
सभागृहात कोपऱ्यात उभा राहून वसूची सर्व्हिस पाहिली. बॅट डाव्या हातात. चेंडू उजव्या तळहाताच्या खळग्यात. बोटं वर वळलेली, अंगठा आत. चेंडू वर जाताना बोटांना अगदी हलकासा पीळ.

मीच शिकवलं. सहा वर्षांची होती. चेंडू घरंगळायचा, तर म्हटलं, तीर्थ घेतेस तसा धर.

२२ जुलै, शुक्रवार, गुरुपौर्णिमा
गुरुजींच्या नावाने हात जोडले. ते म्हणायचे, मूठ नको, हात उघडा ठेव. त्यांचं चुकलं नव्हतं. मी डावखुरा. लिहायला त्यांनी उजवा लावला, बॅट मात्र डाव्यात राहू दिली, म्हणून चेंडू उजव्यात आला. आणि माझ्या उजव्या हाताला उघडं राहण्याची एकच रीत ठाऊक होती, देवळातली. उजव्या हाताने खेळणाऱ्यांचा चेंडू डाव्यात असतो, त्या हाताने कोण तीर्थ घेतं? वसू माझ्यावर गेली, तीही डावखुरी. आम्हा दोघांपुरतीच ही चूक.

मिश्राजींना विचारलं, तुमच्या ध्यानात आलं नव्हतं? म्हणाले, "आया था, पंडितजी. मैंने समझा आप लोगों में ऐसे ही सिखाते हैं." लखनौला काय होईल? "आधे पंच देखते ही नहीं. आधे देखते हैं."

तिच्या पॉइंटांतले निम्मे सर्व्हिसवरच येतात.

२३ जुलै, शनिवार
लेख देऊन आलो. तो नियम गाळता आला असता, जागा कमीच होती. गाळला नाही. छापून येणार तर ती वाचणारच. आणि ठाऊक असून तिला तशीच पाठवायची, हे मला...

२४ जुलै, रविवार
सांगितलं. पुस्तिका समोर ठेवली.

तिने वाचलं. उजवा हात पुढे धरून बराच वेळ बघत राहिली. मग हसली. "अठरा साल, बाबा. अब बता रहे हो?" चिडली की ती हिंदीत जाते. मी म्हटलं, मलाही आत्ताच कळलं. ती म्हणाली, "कळलं नसतं तर बरं झालं असतं."

सौ. दारात उभी होती. तशीच आत वळली, त्याचंच भय वाटलं.

३१ जुलै, रविवार
सात दिवस झाले. तळहाताला फूटपट्टी बांधून सराव. पट्टी असेतो हात सपाट, सोडली की पाचव्या-सहाव्या फेकीला बोटं आपोआप वळतात. आज पन्नासात अकरा नीट गेल्या. पंखा बंद ठेवावा लागतो, नाहीतर चेंडू वाहतो. दोघे घामाने निथळत होतो. मी नुसता चेंडू वेचायला.

मीही करून पाहिलं. एकही नाही.

६ ऑगस्ट, शनिवार
गंगा चढतेय. बालाजी घाटाच्या खालच्या पायऱ्या गेल्या, आज स्नान वरच्याच पायरीवर. गल्लीत वीज नाही, म्हणून सरावही नाही.

सौ. शेवटी बोलली. "अहो, एक विचारू? पंचाने पकडलं असतं तर पंचाने पकडलं असतं. तुम्ही कशाला पकडलंत?"

म्हटलं, नियम आहे. ती म्हणाली, "नियम तुमचा. चाचणी तिची."

विष्णुसहस्रनाम म्हणत बसलो, मध्येच विसरलो.

१३ ऑगस्ट, शनिवार
हात सपाट झाला! पन्नासात अठ्ठेचाळीस. पण चेंडूतला पीळ गेला. सरळ, गरीब चेंडू जातो, समोरचा हवा तिथे मारतो. मिश्राजी दोन गेम खेळले, दोन्ही जिंकले. साठीला आलेला माणूस. टॉवेल मानेवर टाकत म्हणाले, "अब सर्विस सही है बिटिया, और किसी काम की नहीं." वसूही हसली. मला हसू आलं नाही.

जुनीच करू दे का, असं मिश्राजींना बाजूला घेऊन विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. आता ती दोन्हीच्या मध्ये अडकलीय म्हणाले.

२१ ऑगस्ट, रविवार, लखनौ
धर्मशाळेत लिहितोय. वसू पलीकडच्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून.

पाच सामने. दोन जिंकली, तीन हरली. शेवटचा तिसऱ्या गेममध्ये वीस-वीस. तिची सर्व्हिस. हात सपाट, बोटं जुळलेली, अंगठा मोकळा, पुस्तिकेतल्यासारखा. चेंडू सरळ गेला. समोरच्या मुलीने मारला. पुढच्या सर्व्हिसला त्या मुलीने चेंडू खळग्यात धरला, बोटं वळलेली. मी पंचाकडे पाहिलं. पंच गुणफलकाकडे पाहत होता. बावीस-वीस, सामना त्या मुलीचा.

दोन दिवसांत चार टेबलांवर मी दुसरं काही पाहिलंच नाही. निम्म्याहून जास्त मुली खळग्यात धरत होत्या. एकदाही कोणी अडवलं नाही.

वसूनेही पाहिलं असणार. जिन्यावर माझी पिशवी घेतली फक्त.

निकाल डाकेने येईल म्हणे, महिन्याभरात. चार जागा आहेत.

३ सप्टेंबर, शनिवार
डाक नाही. वसू सभागृहात येत नाही. टेबलावर मखराचं सामान पसरलंय, थर्माकोल, खळ, रंगीत कागद. तिची बॅट कोनाड्यात, गवसणीत.

इंदूरचं पत्र आलं. घाई नाही, पण कळवावं. सौ.ने ते वसूसमोर ठेवलं. वसूने वाचून घडी घातली आणि म्हणाली, "आई, तू जे लिहिशील ते." असं ती आजवर कधी म्हणाली नव्हती.

९ सप्टेंबर, शुक्रवार, गणेश चतुर्थी
स्मरणिका हाती आली. लेख सातव्या पानावर, माझं नाव जाड टाइपात. 'सपाट तळहातावर' ही ओळ बिनचूक छापलीय, बाकी चार ठिकाणी चुका. दोघांनी वाहवा केली. एक म्हणाले, इतका बारीक नियम आम्हाला ठाऊकच नव्हता.

निकाल नाही. पोस्टमन गल्लीच्या तोंडाशीच दिसला, लांबूनच 'नाही' असा हात हलवला. अनंत चतुर्दशीला आता थोडेच दिवस.

सकाळी घरची पूजा झाली. तीर्थ देत होतो. सौ.ने घेतलं. मग वसूने हात पुढे केला. सपाट. बोटं सरळ, जुळलेली, अंगठा मोकळा. माझ्या हातातली पळी कलती झाली होतीच. तीर्थ तळहातावरून ओघळलं, मनगटावरून जमिनीवर गेलं. तिने हाताकडे पाहिलं, मी पाहिलं.

"पुन्हा घाला, बाबा," म्हणाली.

हात तसाच होता. ती बोटं वळवू पाहत होती. मी पळी भरून थांबलो.