पायरीवरचा डबा

मंगळवार, ४ फेब्रुवारी

मुलं हलतच नाहीत म्हणे! आमची मुलं!

मोठ्या बाईंनी त्यांच्या खोलीत बोलावून कागद पुढे सरकवला. महिनाभरापासून मुलांच्या मनगटांवर त्या काळ्या पट्ट्या आहेत ना — कोण किती पळतं, किती बसतं ते मोजणाऱ्या — त्यांचा निकाल. मधल्या सुट्टीत मुलं ‘जवळजवळ स्थिर’. खेळाच्या तासाला त्याहून वाईट. म्हणजे माझ्या तासाला!

"संस्था म्हणतेय, मुलं खेळत नाहीत तर मैदान कशाला अडवायचं? तिथे नवी इमारत उठवू." हे सांगताना मोठ्या बाई माझ्याकडे बघत नव्हत्या.

सगळी नोकरी त्या मातीत शिट्टी फुंकण्यात गेली. निवृत्तीला वर्ष उरलंय. आणि जाता जाता मैदान घालवून जाणार मी!

बुधवार, ५ फेब्रुवारी

हे म्हणाले, "चला, तुझी मुलं माझ्यावर गेली. आरामखुर्च्या मागवा!" हसू आलं नाही. भाजी करपली. मुद्दाम नाही.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

मुलांवर उगाच ओरडले. "पाय आहेत की खांब?" पळतच तर होती बिचारी. घामाघूम झालेली, गुडघे मातीने माखलेले — अशी थबकून माझ्याकडे बघत राहिली.

मग पट्ट्यावाल्याला फोन केला. पोरगेला आवाज, बोलणं गोड, पण घोडं तिथेच. मी म्हटलं, "दुसरीतली एक मुलगी आहे, पाखरू म्हणतो आम्ही तिला. शाळेत आल्यापासून ती एका जागी बसलेली नाही. तुमची पट्टी तिला बैठी म्हणते!"

"आकडा आहे मॅडम, मी काय करणार?"

डोंबल तुमचा आकडा! फोन ठेवल्यावर म्हटलं. आधी म्हणायला हवं होतं.

सोमवार, १० फेब्रुवारी

कळलं. देवा, कळलं!

खेळाचा तास सुरू होता. पायरीवरचा डबा कुणाच्या तरी पायाने कलंडेल म्हणून उचलून बाजूला ठेवायला गेले, तर हाताला केवढा जड! झाकण काढलं. कानातली, एक चष्मा, केसांच्या पिना — आणि त्या सगळ्यांवर काळ्या पट्ट्यांचा ढीग. आख्ख्या वर्गाच्या.

पाखराला हाक मारली. धापा टाकत आली. "पट्टी का काढलीस गं?"

"बाई, तुम्हीच सांगता ना, खेळताना अंगावर काही नको म्हणून!"

सांगते. वर्षानुवर्षं सांगत आलेय. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये पकडापकडी खेळताना माझी रिंग कुणाच्या तरी स्वेटरमध्ये अडकली आणि कानाची पाळी फाटली. दुसऱ्या दिवशी सिस्टरनी टॉफीचा रिकामा डबा पायरीवर ठेवला. "First the box, then the legs, girls!" म्हणजे अंगावरचं आधी डब्यात, मग पळापळ. त्यांचा तो खणखणीत आवाज अजून कानात आहे — फाटक्या आणि धड, दोन्ही. मी इथे खेळाची बाई झाले, गळ्यात शिट्टी आली, तसा पायरीवर डबाही आला. आता मुलं वर्गातूनच डबा फिरवत आणतात. मी त्यात डोकावायचंसुद्धा सोडून दिलं होतं.

मुलं पळत होती, आणि पट्ट्या पायरीवर बसून होत्या!

मंगळवार, ११ फेब्रुवारी

मोठ्या बाई हसता हसता रडल्या. संस्थेशी भांडून एक आठवडा मिळवला त्यांनी. पुन्हा मोजणी. पट्ट्यावाल्याचा अहवाल जाईल, त्यावर मैदानाचा निकाल.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

डबा कपाटात टाकला. पट्टी काढायची नाही, असं बजावलं. तर काय? सगळी मुलं हात छातीशी धरून चालताहेत! प्लास्टर घातल्यासारखी. कुणी कुणाला पकडेना. पाखरू म्हणाली, "बाई, ओरखडा गेला तर? ते काका म्हणाले होते, फार महाग आहे."

काका! वाटलं, त्या काकालाच छातीशी हात बांधून मैदानभर पळवावं.

मग सुचलं. पट्ट्या घोट्याला बांधायच्या. वरून मोजे. नजरेआड झाल्या की विसरतील. फोन केला तर तो म्हणाला, "चालेल, तशी सोय आहे."

डबा पुन्हा पायरीवर.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

आता काय, तर आकडे फार जास्त आलेत!

"मॅडम, मुलं एवढी पळूच शकत नाहीत. कुणीतरी पट्ट्या हातात घेऊन हलवल्यात."

मला खोटारडी म्हणतो! कमी भरलं तर मुलं आळशी, जास्त भरलं तर बाई लबाड. म्हटलं, "एकदा येऊन बघा तरी! डोळे दिलेत ना देवाने?"

सोमवार, २४ फेब्रुवारी

आला. इस्त्रीचा शर्ट, चकचकीत बूट. पायरीशी उभा राहिला. पाखराने डबा त्याच्यापुढे धरला. "काका, घड्याळ."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी आभाळाकडे.

"मी नुसता बघायला आलोय गं."

"बघायला पायरी नाही, मैदान आहे. घड्याळ!"

घड्याळ डब्यात पडलं. दुसऱ्याच मिनिटाला त्याच्यावर राज्य आलं आणि सुट्टी संपेपर्यंत उतरलं नाही. पाखरू काही हाती लागली नाही त्याच्या. शेवटी गुडघ्यांवर हात टेकून वाकून उभा — "बाई, ही... थांबते कधी?"

मॅडमची बाई झाले मी!

मंगळवार, २५ फेब्रुवारी

सकाळी डब्यात घड्याळ तसंच. फोन केला. म्हणाला, "असू दे बाई. अहवाल कालच पाठवला, मैदान राहतंय. मधल्या सुट्टीत येईन न्यायला."