साहेबाच्या गाडीचा उजवा ब्रेक

३ ऑक्टोबर १९७४. सकाळ.
नात प्रेमिला, तिचं लग्न पक्कं झालं. आठ डिसेंबर. मुलगा उमरेडचा, विणकर सोसायटीत नोकरीला. बैठकीत सगळ्यांसमोर उभं राहून मी जाहीर केलं की नवरदेवाला जानोशावरून, म्हणजे वऱ्हाडाच्या मुक्कामावरून, मांडवात मी आणणार, माझ्या लाल एम.जी. मोटारीत. पाहुणे खूश झाले. माझा मुलगा गोविंदा, म्हणजे प्रेमिलाचा बाप, पानाच्या तबकाकडे पाहत राहिला. आनंद झाला की तो असाच गप्प बसतो.

गाडी दोन सीटची. एक नवरदेवाची, एक माझी. जणू याच कामासाठी विलायतेत बनवली. मँगनीज खाणीचे साहेब देश सोडून गेले तेव्हा मला देऊन गेले. मी त्यांचा ड्रायव्हर. शिक्षण चौथी. पण साहेब म्हणायचे, कवडू, तुझा पाय ब्रेकवर असला की मला झोप लागते.

उद्या पहाटे उठून गाडी धुणे.

५ ऑक्टोबर.
धुतली नाही. गुडघे.

न विचारता गोविंदा गाडी घेऊन रेशीमबागेच्या मैदानाला चक्कर मारून आला. घामाघूम. म्हणाला, बाबा, ब्रेक दाबला की गाडी सरळ उजवीकडे घुसते जी, समोरच्या ट्रकच्या तोंडात. मरता मरता वाचलो. मी म्हटलं, गाडी हात ओळखते. त्याला बाजूला बसवलं आणि स्वतः चालवून दाखवलं. चार वेळा ब्रेक मारला, चारही वेळा पट्टीने रेघ मारल्यासारखी थांबली. गोविंदा माझ्याकडे पाहतच राहिला. बापाचा हात पोराने कधीतरी पाहावाच.

६ ऑक्टोबर.
घरात नवीन कटकट. गोविंदा म्हणतो, तुमच्या हातात सरळ आणि माझ्या हातात उजवीकडे, म्हणजे काहीतरी गडबड आहे. मी म्हटलं, गडबड तुझ्या हातात आहे. त्यावर माझ्या बायकोने, कौशल्याने, स्वयंपाकघरातून तेच जुनं काढलं. अजी, डोळा काहून नाही दाखवून राहिले तुम्ही?

म्हणजे मोतीबिंदू. उजव्या डोळ्यात पिकला आहे, काढा, असं सरकारी दवाखान्यातला डॉक्टर होळीपासून सांगतो. डॉक्टर फार तरुण आहे. शेजारच्या बळीरामने मागच्या वर्षी काढून घेतला. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या ठेवून त्याला उताणा पाडला होता. खोकायचं नाही, शिंकायचं नाही, हसायचं नाही. मला रोज सकाळी शिंका येतात. असा शब्द मी डॉक्टरला कसा देणार? बळीरामला आता दिसतं म्हणे. पण दिसत तर त्याला आधीही होतं.

शेवटी गोविंदाने अट घातली. गाडी त्याच्या हातातही सरळ थांबली पाहिजे आणि माझ्याही. मगच नवरदेव तुमच्या गाडीत. नाही तर भाड्याची मोटार सांगतो. म्हणाला, बाबा, लोकाचं पोरगं आहे, आपल्यावर जबाबदारी आहे.

मान्य केलं. मनाला लागलं, पण मान्य केलं.

१० ऑक्टोबर.
ब्रेक निर्दोष आहेत हे सिद्ध करण्यासाठी चारही चाकं खोलायचं ठरवलं. सुरुवात पुढच्या उजव्या चाकापासून. या गाडीच्या उजव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे असतात. मला माहीत होतं. माहीत असूनही दुपारपर्यंत सुलटच फिरवत होतो. कौशल्या दाणे निवडत बसली होती. म्हणाली, तिकडून फिरवून पाहा ना. मी म्हटलं, बायकांचं काम नाही. ती आत गेल्यावर तिकडून फिरवलं.

११ ऑक्टोबर.
पाठ धरली. विश्रांती.

१५ ऑक्टोबर.
पाठ.

२१ ऑक्टोबर.
चारही चाकं उतरली. गाडी विटांवर. आतलं सगळं काढून रॉकेलने धुतलं. प्रत्येक चाकाच्या आत एक लहानसा सिलिंडर असतो. पेडल दाबलं की त्यात तेल येतं, तेल ब्रेकच्या शूला ढकलतं, शू चाकाच्या ड्रमला घासतो आणि गाडी थांबते. प्रेमिलाला समजावून सांगत होतो. बरंच सांगून झाल्यावर पाहिलं तर ती डावीकडे नव्हती, उजवीकडे उभी होती. म्हणाली, आजोबा, मी केव्हाची इथेच आहो. मुली आजकाल पाय न वाजवता चालतात.

२४ ऑक्टोबर. खांडेनवमी.
आजचा दिवस लिहून ठेवण्यासारखा.

दरवर्षीप्रमाणे हत्यारांची पूजा. यंदा पान्यांसोबत ब्रेकचं सामानही पाटावर मांडलं. हळदकुंकवाआधी कौशल्या एकेक वस्तू पुसत होती. सिलिंडरच्या आत अंगठा घालून फिरवायची, पुसायची, ठेवायची. पुढच्या डाव्या चाकाच्या सिलिंडरमध्ये अंगठा गच्च बसला. पुढच्या उजव्या चाकाच्या सिलिंडरमध्ये खुळखुळला. तिने पुन्हा घालून पाहिला आणि म्हणाली, अजी, हे जोडपं नाही वाटून राहिलं. याचं तोंड मोठं आहे.

मी दोन्ही हातात घेतले. उजवा वेगळाच. वरची ओतीव अक्षरंही वेगळी. कधीतरी कुणा मिस्त्रीने अँबॅसिडरचा बसवून दिला असणार. सिलिंडर मोठा म्हणजे जोर जास्त. उजवं चाक आधी धरतं, गाडी उजवीकडे ओढते.

म्हणजे दोष माझ्या डोळ्यात नव्हता, लोखंडात होता! घरभर सांगत सुटलो. तसा मला पहिल्यापासून संशय होताच. गोविंदाच्या हाताला नावं ठेवली होती, त्याबद्दल त्याची माफी मागायला हवी. सणासुदीचं मागितली नाही.

कौशल्याने एक प्रश्न विचारला. गाडी उजवीकडे ओढते तर तुमच्या हातात सरळ कशी थांबली? मी म्हटलं, हे टेक्निकल आहे वं. तिने कुंकू लावलं.

३० ऑक्टोबर.
कामठीला जाऊन आलो. तिथे नत्थू भंगारवाला जुन्या गाड्यांचं सामान ठेवतो. म्हणाला, तुमच्या गाडीले जुन्या मॉरिसचा सिलिंडर चालते, पोतंभर पडले आहेत, पाहून घ्या. मी नीट पाहून, पारखून एक निवडला. घरी आणून कौशल्याच्या अंगठ्यात घातला. खुळखुळला. पुन्हा मोठाच आला. दुकानात अंधार होता. दुपारचे दोन वाजले होते, पण अंधार होता.

कौशल्या म्हणाली, आता मोठे दोन झाले, दोन्ही बाजूंना तेच बसवा, जोडी होईल. साहेबांच्या गाडीत मी असलं काही करणार नाही.

७ नोव्हेंबर.
माप नेल्याशिवाय काम होणार नाही हे उघड होतं. माप म्हणजे कौशल्याचा अंगठा. तिला घेऊन बसने कामठी. दिवाळीची साफसफाई सोडून आली म्हणून रस्ताभर खिडकीबाहेरच पाहत होती.

नत्थूने तिला स्टूल दिलं आणि पोतं समोर उपडं केलं. ती एकेक सिलिंडर अंगठ्यात घालून बाजूला ठेवू लागली. नत्थू हसून म्हणाला, अवो माय, बांगड्या भरून राहिली का वं? ती म्हणाली, बांगड्या भरायला तुमच्या या आजोबाने मले कधी नेलं नाही, भंगार भरायला आणलं. दुकानातली सगळी माणसं हसली. मीही हसलो. नवऱ्याने अशा वेळी मोठ्या मनाने हसावं.

असे पुष्कळ झाले. मग एक अंगठ्यात गेला आणि निघेना. मी ओरडलो, हाच! नत्थूने साबण लावला, ग्रीस लावलं. अंगठा सुजत चालला. शेवटी तसाच विकत घेतला आणि पदराखाली झाकून बसमध्ये बसलो. कंडक्टरने विचारलं, आजी, हाताले काय झालं? कौशल्या म्हणाली, काही नाही बाप्पा, यांचा ब्रेक आहे.

घरी गोडेतेलात बुडवल्यावर सुटला. आठ डिसेंबरला नवरदेव मीच आणणार, यात आता शंका नाही.

१३ नोव्हेंबर. दिवाळी.
कौशल्याच्या अंगठ्यामुळे यंदा चकल्या नाहीत.

१७ नोव्हेंबर.
सिलिंडर बसवला. चाकं चढवली. तेलाच्या नळीतली हवा काढायची होती, त्यासाठी एकाने पेडल मारत राहावं लागतं. प्रेमिला बसली. खालून मी दाब म्हणायचो, ती दाबायची. मध्येच म्हणाली, आजोबा, तुम्हाले एक विचारू का? डोळा दाखवला तर काय होते गा? मी म्हटलं, दाब. ती म्हणाली, मी लग्न करून जाऊन राहिली, मग आजीचं गाऱ्हाणं ऐकायले घरी कोण आहे? मी म्हटलं, सोड.

एक थेंब तेल गळत नाही. कामात मी अजूनही कमी नाही.

२४ नोव्हेंबर. संध्याकाळ.
आज परीक्षा झाली. मैदानावर सगळे आले होते, बळीरामसुद्धा आला. त्याला आता लांबचं दिसतं, म्हणून तो सगळीकडे येतो.

आधी गोविंदा. वेग घेतला, ब्रेक मारला. गाडी सरळ. पुन्हा मारला. सरळ. म्हणाला, बाबा, मानलं जी तुम्हाले. लोकांदेखत म्हणाला.

मग मी बसलो. कपाळाला अंगारा लावला होता. वेग घेतला. समोर उजवीकडे काहीतरी हललं असं वाटलं. ब्रेक मारला. गाडी डावीकडे गेली आणि विटांच्या ढिगात नाक खुपसून थांबली.

उजवीकडे काही नव्हतं. ती बळीरामची छत्री होती आणि ती पुष्कळ लांब होती.

दुसऱ्यांदा डावीकडे, बाभळीच्या कुंपणात. तिसऱ्यांदा गोविंदाने किल्ली काढून घेतली. हळूच काढली, ते खरं.

२५ नोव्हेंबर.
झोप नाही. सिलिंडर पुन्हा तपासले. दोन्ही सारखे. दोन्हीत कौशल्याचा अंगठा गच्च.

भाकरी थापता थापता ती म्हणाली, मी सांगू का? गाडी उजवीकडे ओढे आणि तुम्हाले उजवीकडचं दिसत नाही म्हणून तुम्ही भिऊन डावीकडे ओढत होते. दोघांची ओढाओढ बरोबरीची, म्हणून सरळ जाये. आता गाडी सुधारली. तुम्ही राहिले.

यावर विचार करण्यासारखं काही नाही.

२७ नोव्हेंबर.
पुष्कळ विचार केला. उपाय सापडला. जुना मोठा सिलिंडर परत उजवीकडे बसवायचा. चुकीचा असेल, पण माझ्यासाठी बरोबर होता. नवरदेव आणेपर्यंत ठेवायचा, मग काढून टाकायचा. एका दिवसाचं काम. नियमाविरुद्ध आहे हे कबूल. पण नियमात बसणाऱ्या ब्रेकने मी विटांत जातो, त्याला काय करायचं?

हे गोविंदाला अजून सांगायचं नाही. उद्या पहाटे चाक खोलणे.

२८ नोव्हेंबर.
सिलिंडर जागेवर नाही. डब्यात नाही, पोत्यात नाही, खाटेखाली नाही. कौशल्याला विचारलं. म्हणाली, भांड्यांसोबत पाहा. तिथेही नाही. संध्याकाळी गोविंदा म्हणाला, मोठे दोन्ही नत्थूकडे परत दिले. मी म्हटलं, माझं सामान कुणाला विचारून दिलं? तो म्हणाला, बाबा, तुम्ही चाक खोलाल हे मले माहीत होतं. त्या सीटवर माझा जावई बसणार आहे जी.

माझाही नातजावई आहे, असं म्हणणार होतो.

२ डिसेंबर.
ठरलं. गाडी गोविंदा चालवणार. मी मांडवाच्या दारात नवरदेवाचं स्वागत करणार. वयाप्रमाणे तोच मान मोठा आहे. ड्रायव्हरचं काम काय, कोणीही करतं. कौशल्याने माझ्यासाठी नवीन फेटा आणला. गाडीला फुलं कशी बांधायची ते मी सांगितलं. बांधतील ते वेगळीच.

८ डिसेंबर. दुपार.
लग्न लागलं. मी दारात, अगदी पुढे, हार घेऊन उभा होतो. बँड जवळ आला, लोक सरकले, कोणीतरी आले आले म्हणून ओरडलं. मी मान ताठ केली. रस्ता मोकळाच दिसत होता. म्हटलं, वेळ आहे अजून.

मग प्रेमिलाच्या मामाने दंड धरून मला वळवलं. नवरदेव उतरून समोर उभा होता, हारासाठी मान वाकवून. केव्हाचा उभा होता कोण जाणे.

गाडी उजवीकडून आली म्हणे.